फ्लटरची लिस्ट बोटाखालून सरकू नये म्हणून काय करायचं

मालवण बंदरावरचे मासळीचे भाव दाखवणारं छोटं ॲप मी फ्लटरमध्ये (मोबाइल ॲप बनवायचं गुगलचं साधन) केलंय, घरचे नि ओळखीतले मिळून दहाबारा जण वापरतात. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो स्क्रोलने, म्हणून लिहितोय.

आधी लिस्टच्या उडी मारण्याचं बघा. लिलाव चालू असतो, नवीन भाव वरून येत राहतात, मामी सुरमईवर बोट टेकवायला जाते तोवर तिथे बांगडा आलेला. लिस्ट वरून किती पिक्सेल सरकलीय तेवढंच फ्लटर धरून ठेवतं, त्यामुळे वर ओळ घातली की खालचं सगळं ढकललं जातं. त्यावर मी असं केलं: लिस्टला स्वतःचा स्क्रोलकंट्रोलर (लिस्ट कुठवर सरकलीय ते सांगणारा आणि तिला सरकवणारा ऑब्जेक्ट) दिला, डेटा आला की ऑफसेट, म्हणजे वरून किती सरकलीय ते बघतो, 50 पिक्सेलच्या आत असेल तर माणूस वरच आहे, ताजंच बघतोय, लगेच ओळ घालायची. नाहीतर नवीन भाव बाजूला ठेवायचे आणि वर बटण दाखवायचं, '3 नवीन भाव'. बटण दाबलं की मग ओळी घालायच्या आणि कंट्रोलरचं ॲनिमेटटू वापरून लिस्ट हळूच शून्यावर, म्हणजे अगदी वर न्यायची, 300 मिलीसेकंद पुरे. स्क्रीन बंद होताना कंट्रोलर डिस्पोज करायला, म्हणजे मोकळा करायला विसरू नका.

पण कंट्रोलर दिला की एक गोष्ट गुपचूप बिघडते, आणि मला ती जूनमध्ये कळली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, मग यादीत उरतं काय तर सुकट, सुके बोंबील नि खाडीतलं थोडंफार. यादी स्क्रीनभर होत नाही आणि खाली ओढून रिफ्रेश होतच नाही! कंट्रोलर नसलेली उभी लिस्ट छोटी असली तरी ओढता येते, आपला दिला की ती सोय जाते. म्हणून लिस्टच्या फिजिक्समध्ये (ओढल्यावर ती कशी वागेल ते ठरवणारं सेटिंग) ऑलवेजस्क्रोलेबलस्क्रोलफिजिक्स स्वतः लिहायचं.

आयफोनसारखा उसळता शेवट हवा असेल तर त्यालाच पॅरेंट म्हणून बाउन्सिंगस्क्रोलफिजिक्स द्या. मी अँड्रॉइडवर नाही देत, लोकांच्या हाताला जी सवय आहे ती मोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ताजी नि सुकी मासळी असे टॅब असतील तर टॅब बदलून परत आलं की लिस्ट पहिल्यापासून सुरू होते, तेव्हा प्रत्येक लिस्टला वेगळी पेजस्टोरेजकी (लिस्टची जागा लक्षात ठेवायला लागणारी खूण) द्या, 'ताजी', 'सुकी' अशी कायम एकच राहणारी, तिथे युनिककी टाकलीत तर दर बिल्डला, म्हणजे स्क्रीन पुन्हा रचला गेला की, नवी की बनते आणि जागा परत हरवते.