कॅम्परमध्ये राहायला जाण्यापूर्वीचा महिना : तयारीची यादी, धर्मकाट्यासह

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही पती-पत्नी एका जुन्या डिझेल व्हॅनचे घर करून नागपूरहून निघालो आणि तिसऱ्या दिवशी चिखलदऱ्याच्या घाटात मागच्या चाकावरचा पाटा, म्हणजे गाडीचा भार झेलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, तुटून रस्त्याच्या कडेला बसलो. परतवाड्याहून आलेल्या मेकॅनिकने गाडीखाली वाकून पाहिले, उठला, हात पुसले आणि एवढेच विचारले, "काट्यावर तोलली होती का, ताई?" तोललेली नव्हती. पडद्यांना जुळत्या रंगाची किनार लावून घ्यायला मला वेळ मिळाला होता. धर्मकाट्यावर, म्हणजे भरलेली गाडी तोलण्याच्या मोठ्या वजनकाट्यावर जायला, ज्याला वीस मिनिटे पुरतात, मिळाला नव्हता. तुटलेला पाटा कसाबसा बांधून गाडी खाली आणली आणि एका जिनिंगजवळच्या काट्यावर, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभे राहून, जे निघण्यापूर्वी करायचे ते तिथे केले. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, भारासह कमाल वजन ३,२०० किलो लिहिलेले होते आणि पावतीवर ३,४७० किलो आले. यंदा पुन्हा निघत आहोत, म्हणून ही यादी मुख्यतः स्वतःसाठी आणि आमच्यासारख्या इतरांसाठी लिहून ठेवते.

महिना कोणता निवडता यावर बरेच अवलंबून आहे. दिवाळी संपल्यावर निघू असे ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की भाऊबीज झाली की आवळीभोजन येते, मग तुळशीचे लग्न येते आणि ते लागताच माणसांची लग्ने सुरू होतात. वर्ध्याला भाच्याचे लग्न, भंडाऱ्याला मावशीकडे जेवण, काटोलकडच्या शेतात रोडग्यांचा बेत आणि "आता तुम्ही वर्षभर दिसणार नाही" म्हणून नागपूरच्या महाल भागातल्या मोठ्या आईकडे सगळ्यांचे एकत्र जमणे, असे करता करता आमच्या चारही आठवड्यांचे शनिवार-रविवार गेले होते. यातले काही टाळावे असे मी म्हणणार नाही, कारण टाळता येत नाही. मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर निमंत्रणे लिहिण्याच्या आधी गाडीच्या कामाचे आठ दिवस लिहावेत आणि त्यांतल्या एका दिवसावर ठळक अक्षरांत "धर्मकाटा" असे लिहावे. त्या दिवशी कुणाचेही लग्न असले तरी मुहूर्ताच्या आधी काट्यावर जाऊन येता येते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पीयूसी, लायसन्स, फास्टॅग हे सांगण्याची गरज नसावी. आतले बदल मात्र गंभीरपणे घ्यावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, म्हणून सुताराला बोलावण्यापूर्वी आरटीओत विचारावे, नंतर नव्हे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. आणि आरसी हातात आहेच, तर तिच्यावरचे दोन आकडे एका कागदावर उतरवून घ्यावेत: रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल वजन. या दोहोंतला फरक म्हणजे तुमचा संपूर्ण संसार, तुम्ही स्वतः धरून. आमच्या बाबतीत तो १,०५० किलो होता आणि तो मला प्रचंड वाटला होता.

तो किती लवकर संपतो ते सांगते. अठरा-एकोणीस मिलिमीटरच्या प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते आणि पलंग, कपाट, ओटा मिळून अशा शीट किती लागल्या हे सुताराच्या बिलावर दिसते. घरच्या इन्व्हर्टरसाठी वापरतात ती मोठी ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी आम्लासह पन्नास-साठ किलोची असते. आम्ही दोन ठेवल्या होत्या. लिथियम फॉस्फेटची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी बारा किलोच्या आसपास येते, महाग असते आणि लेड-ॲसिडसारखी अर्ध्याच्या खाली उतरू नये म्हणून जपावी लागत नाही. परवडत असल्यास तीच घ्यावी. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, पण लोखंडासह तो तीस किलोच्या घरात जातो. पाण्याचा हिशेब सर्वांत सोपा, एक लिटरला एक किलो, आणि तोच आम्ही केला नाही. १२० लिटरची टाकी काठोकाठ भरून आम्ही घाट चढत होतो. ज्या गावात मुक्काम, त्या गावात पाणी मिळते. चालत्या गाडीत तीस लिटर पुरेत.

आता नातेवाइकांचा विषय. हा भाग नाजूक आहे, तरीही लिहिणे भाग आहे, कारण त्या २७० किलोंमधले निदान दोनशे किलो प्रेमाचे होते. मावशीने आंबेमोहोर तांदळाचे अर्धे पोते दिले. वहिनीने कुरडया, पापड, सरगुंडे आणि दोन बरण्या लोणचे दिले. काटोलच्या दिरांनी संत्र्यांचे दोन क्रेट मागच्या दारातून आत सरकवले आणि आम्हाला ते गाव सोडल्यावर दिसले. मोठ्या आईने पितळी पातेले दिले, "घेऊन जा नं बाई, एवढ्याशाने काय होते?" असे म्हणून, आणि मग रजया. प्रत्येक वस्तू खरोखरच एवढीशी होती. यावर मला सापडलेला उपाय असा की प्रत्येक भेटीला आपणच काहीतरी भरून न्यावे. घर रिकामे करायचेच असते, तेव्हा मिक्सर, जादा गाद्या, पुस्तके, स्टीलचे डबे अशा वस्तू ज्याच्याकडे जेवायला जाल त्याच्याकडे ठेवून याव्यात. देणाऱ्याच्या हातात आधी काही ठेवले की त्याचा घेऊन जाण्याचा आग्रह निम्म्यावर येतो. तरीही मिळालेच तर ते पुढच्या घरी द्यावे. भंडाऱ्याचा तांदूळ वर्ध्याला पोचला म्हणून कुणी रागावत नाही, फक्त कुठून आला ते सांगू नये. आणि महालातल्या बैठकीला कॅम्पर दाखवायला नेऊ नये, रिक्षाने जावे. दारात उभी गाडी दिसली की ती भरली जाते.

विजेबद्दल एक वाक्य: पंखा, दिवे, फ्रिज यांतले काहीही इंजिनच्या बॅटरीवर जोडू नये, नाहीतर सकाळी धक्का मारायला माणसे शोधावी लागतात. गॅसबद्दल थोडे अधिक. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर खाली, फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीबाहेर उघडणारे छिद्र हवेच, वरची खिडकी त्याला पर्याय नाही. थंडी वाजते म्हणून रात्री शेगडी किंवा कोळसे पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यातून माणूस जागा होत नाही. त्याचा अलार्म बसवावा आणि रजई घ्यावी. मोठ्या आईची एक रजई ठेवण्यास माझी हरकत नाही.

टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, मग नक्षी कितीही चांगली दिसो, बदलावा. तिथेच भार निर्देशांक असतो. १०० चा अर्थ एका टायरला ८०० किलो. हवा टायर थंड असताना तपासावी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि हलक्या वाहनांना १२० ची मुभा आहे, परंतु ती मुभा तुमच्या भरलेल्या घराला उद्देशून नाही. जास्त भार, कमी हवा आणि सलग वेग एकत्र आले की टायर तापून फुटतो. आम्ही ऐंशीवर जातो, लोक हॉर्न वाजवतात, वाजवू द्यावेत. हे सर्व आकडे निरर्थक ठरतात जर गाडीचे खरे वजन माहीत नसेल, म्हणजे पुन्हा धर्मकाटा.

तो कसा करायचा ते आता नीट सांगते. नागपुरात वाडी, कळमना अशा ट्रकच्या भागांत काटे आहेत, शुल्क किरकोळ असते, सकाळी लवकर गेल्यास रांग नसते. जाताना गाडी निघण्याच्या दिवशी असेल तशीच असावी: डिझेल पूर्ण, पाणी ठरवले तेवढे, सिलिंडर, कपडे, धान्य, आणि दोघेही आत बसलेले. "अजून भांडी ठेवायची आहेत, पण अंदाज येईल" असे म्हणून अर्धी गाडी तोलणे म्हणजे न तोलणेच. तीन पावत्या घ्याव्यात. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. काटेवाला चमत्कारिक नजरेने पाहील. त्याला नम्रपणे तीन वजनांचे पैसे द्यावेत. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागची चाके जोडणाऱ्या दांड्यावर, जास्त भार असू शकतो, आणि आमचा पाटा त्यानेच गेला: टाकी, बॅटऱ्या, सिलिंडर, ओटा, सगळे मागच्या चाकांच्याही मागे होते. यंदा टाकी दोन ॲक्सलांच्या मधे आणली आहे. कंपनीच्या पत्र्याच्या पाटीवर प्रत्येक ॲक्सलची मर्यादा दिलेली असल्यास तिच्याशी ताडून पाहावे. मर्यादेच्या खाली शंभर किलो मोकळे राहिले पाहिजेत. ते राहत नसतील तर घरी येऊन उतरवावे आणि पुन्हा तोलावे. होय, पुन्हा.

एका रात्रीची तालीम रामटेकपर्यंत करावी. पन्नासेक किलोमीटर आहे, चूक झाली तर घरी परतता येते. तिथे काय खडखडते आणि कोणता खण वळणावर उघडतो ते कळते. जंगलाच्या हद्दीत मुक्काम करू नये, पेंचच्या बाजूला तर नाहीच.

घराचे उरलेले: दूध, वर्तमानपत्र, मुख्य नळ बंद, वीजबिल ऑनलाइन, किल्ली शेजारच्या काकूंकडे. औषधे दोन महिन्यांची, चिठ्ठ्यांसह. झाडे कुणाला तरी द्यावीत. फ्रिज रिकामा करून दार उघडे ठेवावे. बाकी सुचेल तसे.

शेवटच्या दोन दिवसांत लोक भेटायला येतातच आणि रिकाम्या हाताने येत नाहीत. त्यामुळे आमची तोलण्याची वेळ यंदा निघण्याच्या दिवशीच, पहाटे सहाची ठेवली आहे, निरोप घेऊन झाल्यावर, वाडीच्या काट्यावर. दीर मागून स्कूटरने येणार आहेत. जे जास्त भरेल ते त्यांच्याकडे उतरवून देऊ, आणि त्यात संत्री असतील तर ती त्यांचीच त्यांना परत जातील.