नवा लॅपटॉप घेण्याआधी एकदा वायफाय बंद करून बघा

सदाशिव पेठेतल्या मावशीचा लॅपटॉप २०१५ चा. दुकानदाराने बघताक्षणी सांगितलं, "हा आता टाकूनच द्या." १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसरही साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो, हे खरंच. पण तेवढ्यावरून यंत्र निकामी ठरत नाही. आपलं काम त्या यंत्रावर होतं की दूरच्या सर्व्हरवर, हे आधी तपासायला हवं.

सुरुवात कागद-पेनाने करा. आठवडाभर कॉम्प्युटरवर जे जे करता ते लिहून काढा. मग राउटर बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉटही नको. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की ही परीक्षा आपोआपच होते. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर मात्र बंद. तेव्हा जी कामं अडली ती वेब ॲपची, म्हणजे ब्राउझरमध्ये नेटवरून चालणाऱ्या ॲपची. मावशी शिकवण्या घेते. प्रश्नपत्रिका गूगल डॉक्समध्ये, पालकांचे निरोप व्हॉट्सॲप वेबवर, तास गूगल मीटवर. तिचं जवळपास सगळंच अडलं. (डॉक्सची ऑफलाइन सोय आधीच चालू करून ठेवली तर निदान प्रश्नपत्रिका तरी लिहिता येते.) उलट नारायण पेठेतला माझा मामेभाऊ कोरलड्रॉ आणि श्रीलिपी (मराठी फॉन्ट-टायपिंगचं सॉफ्टवेअर) यांवर दिवाळी अंकांची पानं लावतो. नेट गेलेलं त्याच्या लक्षातही येत नाही.

आता एक गैरसमज काढून टाका. वेब ॲप म्हणजे सगळं ओझं सर्व्हरवर, असं नसतं. पानाचा कोड आपलाच ब्राउझर चालवतो, मीटचा व्हिडिओ आपलाच प्रोसेसर उलगडतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, कुठला टॅब किती मेमरी खातो ते दिसेल. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबलं की अख्ख्या यंत्राचा हिशोब समोर येतो. मावशीच्या लॅपटॉपवर मीट बंद असताना आकडे असे होते: सीपीयू १५ टक्के, मेमरी ९२, डिस्क १००. प्रोसेसर रिकामा बसलेला. ४ जीबी रॅम, म्हणजे मेमरी, पुरेना, म्हणून उरलेला माल सारखा हार्ड डिस्कवर टाकायचा आणि परत उचलायचा, यातच लॅपटॉपचा जीव जात होता. अशा वेळी नवा लॅपटॉप घेऊ नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क) बसवा आणि रॅम ८ जीबी करा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सुटे भाग घ्यायला जाण्याआधी आपल्या मॉडेलची रॅम बदलता येते का ते बघा, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच चिकटवलेली असते.

ऑपरेटिंग सिस्टम निवडायची ती यानंतरच. यादीत टॅली, ऑटोकॅड किंवा श्रीलिपी असेल, तर विंडोजच ठेवा. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवर, ती सरळ चालत नाहीत. मामेभावाला मी विंडोज ११ चालेल असं नवं यंत्रच घ्यायला सांगितलं. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर मिळतो का, हे विचारल्याशिवाय काहीच बदलू नका. मावशीसारखं सगळं ब्राउझरमध्येच असेल तर लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, घ्या. ते फुकट आहे आणि लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं सॉफ्टवेअर) त्यात आधीपासूनच असतं. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही सिस्टमही चालेल, पण त्यावर प्ले स्टोअरची ॲप्स मिळत नाहीत.

इन्स्टॉल करण्याआधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस या विंडोजवरच्या छोट्या प्रोग्रॅमने मिंट टाका. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा घ्या. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की आतल्या डिस्कला हात न लावता मिंट वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर एकेक तपासा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि एक परिच्छेद टाइप करा. 'ज्ञ', 'र्‍य', 'ळ' नीट उमटले पाहिजेत. हे मी कधीच टाळत नाही, कारण मराठी लिहिता येत नसेल तर ते यंत्र मावशीच्या काय उपयोगाचं?

सगळं जमलं की नव्या एसएसडीवर मिंट इन्स्टॉल करा. फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर घेतलेली असू द्या. जुनी हार्ड डिस्क मात्र पुसू नका. नाव-तारीख लिहून दोन-तीन महिने कपाटात ठेवा. एखादी विसरलेली फाइल हमखास तिच्यातच सापडते.