पावसाळ्यात पाइपची तंबाखू सुकवताना

मुंबईच्या जुलैत हवेतली आर्द्रता बऱ्याचदा ८५ टक्क्यांच्या वर. ताटलीत पसरलेली तंबाखू रात्रभरात सुकत नाहीच, कधी उलट ओल ओढते. पंख्याचाही उपयोग नाही. जमलं ते एसीवर: पाइपच्या एका भरणीपुरती, २-३ ग्रॅम, कागदावर मोकळी पसरायची आणि 'ड्राय' मोडवर पाऊण तास. फ्लेक, म्हणजे दाबून पातळ पट्ट्यांत कापलेली तंबाखू, आधी चुरायची, नाहीतर वरून कोरडी, आतून ओली राहते. वीज गेली तर तवा तापवून गॅस बंद; हात टेकवता येईल इतका निवला की कागदासकट पाच मिनिटं त्यावर. चिमूट दाबून सोडल्यावर हळूहळू उलगडली पाहिजे. गोळा राहिला तर अजून ओली. कुरकुरली तर स्वाद गेलाच म्हणा. डबा मात्र घट्ट बंद, नाहीतर बुरशी.