चालायला लागलेल्या बाळासाठी उन्हाळी चपला घेताना या चुका टाळा

आमच्या लेकीनं ऐन चैत्रात, साडेअकरा महिन्यांची असताना, दिवाणाचा कठडा सोडून पहिली चार पावलं टाकली. आठवडाभरात घरात पादत्राणांचे तीन जोड आले. एक आत्यानं पाठवला, एक मामानं आणला, एक आम्ही हौसेनं घेतला. तिन्ही चुकीचे निघाले. आम्ही अकोल्याचे. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत सहज चढतो, त्यामुळे चुकीच्या चपलेचा त्रास बाळाला लगेच होतो आणि ते बोलून सांगू शकत नाही. म्हणून आमच्या हातून झालेल्या आणि आजूबाजूला रोज दिसणाऱ्या चुका इथे लिहिते आहे.

घरातही बूट घालणं

"बूट घाला म्हणजे पाय सरळ पडतील," असं आमच्याकडे येणारा प्रत्येक जण सांगायचा. पण बूट चालायला शिकवत नाहीत. चालायला शिकणारं बाळ तळव्यानं फरशी चाचपत असतं. चवड्यावर किती भार द्यायचा, बोटांनी कधी पकड घ्यायची, हे त्याला उघड्या पायानंच कळतं. घरात सुरक्षित फरशी असेल तर अनवाणी फिरू देणं सगळ्यांत उत्तम. आणि उन्हाळ्यात तर पायाला हवाही लागते.

नुसते मोजे घालून चालवणं मात्र नको. आता बहुतेक घरांत गुळगुळीत टाइल्स असतात आणि मोज्यावर बाळ सरळ घसरतं. कूलरकडेही लक्ष ठेवा. पाणी भरताना सांडलेलं किंवा खालून झिरपलेलं पाणी फरशीवर पसरतं आणि बाळाला गार वाऱ्यासाठी नेमकं तिथेच जायचं असतं.

तळवा सपाट दिसतो म्हणून "आर्च सपोर्ट"चे, म्हणजे तळव्याच्या कमानीला आधार देणारे, महागडे बूट घेणारे आईवडील मी पाहिले आहेत. या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बाळाचा पाय सपाटच दिसतो. पायाची कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू तयार होते. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यावर पैसे घालवू नका.

वाढत्या पायाचे घेणं

आपल्याकडे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची रीत आहे. झबलं सैल असलं तर काही बिघडत नाही. पण चालणं शिकणाऱ्या बाळाला दोन नंबर मोठी चप्पल घातली की ते पाय उचलण्याऐवजी ओढत चालतं, पुढचं टोक फरशीत अडकतं आणि बाळ तोंडावर पडतं. मामानं आणलेला जोड असाच होता. पंधरा दिवस आम्ही "अजून तोल येत नाही बिचारीला" म्हणत राहिलो. चप्पल काढली तेव्हा ती खोलीभर न पडता चालली.

दुसरी चूक म्हणजे वयावरून नंबर मागणं. "वर्षाच्या मुलीसाठी द्या" म्हटलं की दुकानदार एक जोड पुढे करतो. पण वर्षाच्या दोन मुलींच्या पायांत सेंटीमीटरभर फरक सहज असतो. शिवाय नंबरांच्या पद्धतीही दोन. आपल्याकडे बहुधा चालते ती ब्रिटिश पद्धत, तिच्यात एका नंबरानं साधारण साडेआठ मिलिमीटर वाढतात. युरोपीय पद्धतीत, म्हणजे १९, २०, २१ असे नंबर असतात त्यात, एका नंबराला साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. ऑनलाइन मागवताना हा गोंधळ फार होतो. त्यामुळे नंबर विसरा, सेंटीमीटर धरा.

मोजायची सोपी पद्धत सांगते. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभराच्या उष्म्यानं पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला लागून कागद ठेवा, बाळाला टाच भिंतीला टेकवून त्यावर उभं करा. मांडीवर घेऊन मोजलेला पाय आखूड भरतो, कारण अंगाचा भार पडला की पाय पसरतो. सगळ्यांत लांब बोटापाशी खूण करा; काही मुलांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय धरा. त्या मापात एक सेंटीमीटर मिळवून जाड पुठ्ठ्याची पट्टी कापा आणि ती पर्समध्ये ठेवा. दुकानात चपलेच्या आत ती पट्टी न वाकता, जेमतेम बसली की लांबी बरोबर. पट्टी पुढेमागे हलत राहिली तर चप्पल मोठी, वाकली तर लहान.

अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून बघायची सवय आपल्या सगळ्यांना असते. लहान मुलाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका. दाबलं की मुलं आत बोटं आखडून घेतात आणि आपल्याला वाटतं, भरपूर जागा आहे.

या वयात पाय भराभर वाढतो. तीन-चार महिन्यांत नंबर बदलला तरी नवल वाटू नये. दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. म्हणूनच एकदम तीन जोड घेण्यापेक्षा एकच बरा घ्यावा. थोरल्या भावंडाचे जुने बूटही शक्यतो नकोत, कारण त्यांचा तळ त्या मुलाच्या चालीप्रमाणे झिजलेला असतो.

बघायला गोंडस, पायाला जाच

आत्यानं पाठवलेले बूट पीं-पीं वाजणारे होते. लेक आवाजासाठी मुद्दाम टाच आपटत चालायची. नैसर्गिक पाऊल टाकायला शिकण्याच्या काळात ही सवय मला पटली नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तळातली शिट्टी काही दिवसांत सैल झाली. एवढीशी वस्तू बाळाच्या तोंडात गेली तर घशात अडकू शकते. चपलेवर चिकटवलेले मणी, फुलं, टिकल्या यांचंही तेच. घेण्याआधी जोर लावून ओढून बघा.

अंगठ्याची चप्पल या वयात नकोच. ती पायात राहावी म्हणून मूल बोटं आवळून चालतं. मागं पट्टा नसलेली कुठलीही चप्पल तशीच. फोमचे क्लॉग्ज, म्हणजे पुढून बंद असलेल्या भोकाभोकांच्या मऊ चपला, हलके आणि धुवायला सोपे, हे खरं. पण मागचा पट्टा वर सरकवून घातले तर त्यांचा उपयोग नाही. ते उन्हात किंवा बंद गाडीत राहिले तर आक्रसतात, आणि मग गेल्या आठवड्यात बसत होते ते आज का चावतात, हे कळत नाही. उन्हाळ्यात गारव्यासाठी आपण मॉलमध्ये जातो, तिथे सरकत्या जिन्यात असे मऊ क्लॉग्ज अडकू शकतात. जिन्यावर बाळाला कडेवरच घ्या.

मग घ्यायचं काय? टाचेमागे पट्टा, वर रुंद वेल्क्रो, बोटांना पसरायला ऐसपैस जागा, आणि तळ असा की दोन बोटांनी दाबला तर चवड्यापाशी सहज दुमडावा. मधोमध दुमडणारा नको, अजिबात न दुमडणारा तर नकोच. तळ पातळ पण चटका न पोचू देणारा हवा. वरचा भाग सुती कापडाचा, जाळीचा किंवा मऊ चामड्याचा असावा. रेग्झिनच्या बंद बुटात घाम साचतो, बोटांच्या बेचक्यांत कातडी ओली राहून सोलवटते. आतून हात फिरवून शिवण टोचते का तेही पाहा.

जमीन किती तापली आहे, हे न बघणं

डांबर, पेव्हर ब्लॉक, देवळाचं दगडी आवार आणि गच्ची हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात. ऊन उतरलं तरी दगड बराच वेळ गरम राहतो. बाळाला खाली ठेवण्याआधी आपल्या हाताची उलटी बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर चप्पल असली तरी बाळ कडेवरच. या वयात ते बसतं, पडतं, तळहात टेकतं; चपलेनं फक्त तळवे वाचतात. चपलाही दारात उन्हात ठेवू नका, धातूचं बक्कल चांगलंच पोळतं.

देवळात चपला काढाव्याच लागतात. तिथे बाळाला उचलून न्यावं, सावलीत उतरवावं.

तरी चटका बसलाच तर पाय लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद काहीही लावू नका. फोड फोडू नका. तान्ह्याचा तळवा भाजला असेल तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवा.

खुणा ओळखणं

चप्पल घातली की बाळ बसून राहतं आणि काढली की पळतं, तर दोष चपलेचा. पायावर पट्ट्याचा लाल वळ उठला आणि चप्पल काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही, तर ती घट्ट आहे. पावडर लावून पुन्हा घालू नका. टाचेला फोड येत असेल तर बहुधा चप्पल सैल असून घासते आहे. पट्टा आवळून बघा, जमलं नाही तर बदला. सारखं अडखळणं दिसलं तर आधी पुठ्ठ्याची पट्टी काढून लांबी तपासा.

पण अनवाणी असतानाही बाळ एका पायावर लंगडत असेल, एकाच पायाचं पाऊल वेगळं पडत असेल, पाय टेकताना रडत असेल, कायम चवड्यांवरच चालत असेल किंवा १८ महिने होऊनही चालत नसेल, तर दुकानं पालथी घालू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना रोजच्या वापरातली चप्पल सोबत न्या. तिचा तळ कुठे झिजला आहे, हे पाहूनही त्यांना काही कळू शकतं.