सिंथेटिक कपडे आणि दोऱ्या : या चुका टाळा

इस्त्री टेकवली आणि कापड तळाला चिकटलं. व्यायामाचा टी-शर्ट धुतला, तरी अंगात घातल्यावर वास परत आला. अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: सुती कपड्याचे नियम सिंथेटिकला लावलेले असतात. पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक हे धागे तापले की मऊ पडतात. त्यातही पॉलिएस्टर पाणी जवळपास शोषतच नाही, पण तेल घट्ट धरून ठेवतं.

इस्त्री अंदाजाने लावणं

कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त 110 अंश सेल्सिअस, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. नायलॉन आणि ॲक्रिलिकला एक ठिपका, पॉलिएस्टरला बहुधा दोन. पॉलिएस्टर 250 ते 260 अंशांच्या आसपास वितळतं, मग त्याआधीच ते चकाकायला का लागतं? कारण 70-80 अंशांपासूनच त्याचा धागा मऊ पडू लागतो आणि फार तापलेल्या इस्त्रीच्या दाबाने चपटा होतो. ती चमक पुन्हा जात नाही. म्हणून उलट्या बाजूने, वर पातळ सुती कापड ठेवून इस्त्री करा. मिश्र कापडात जो धागा उष्णतेला सर्वांत नाजूक, त्याचं तापमान धरायचं.

ॲक्रिलिक स्वेटरवर वाफेची इस्त्री दाबू नका. विणीचा उठाव जाऊन तो लुळा पडतो आणि पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

इस्त्रीच्या तळाला कापड चिकटलंच, तर सुरीने खरवडू नका, तळाचा लेप निघतो. इस्त्री बंद करून कोमट होऊ द्या, चिकटलेला थर मऊ असतानाच लाकडी चमच्याच्या कडेने ढकला आणि जाड सुती फडक्याने पुसून घ्या.

कडकडीत गरम पाणी, गच्च भरलेलं मशीन

गरम पाण्यात धागा मऊ होतो, कपडे एकमेकांवर दाबले जातात, लगेच गार पाणी येतं आणि चुण्या जागच्या जागी बसतात. पाणी 30 ते 40 अंश ठेवा, ड्रम निम्माच भरा, पिळण्याचा वेग कमी ठेवा आणि कपडे लगेच झटकून वाळत घाला.

वास जावा म्हणून सॉफ्टनर (कपडे मऊ करणारं द्रव) ओतणं

हा उपाय उलटा पडतो. साधारण दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या 7 ते 8 टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. घामातलं पाणी उडून जातं, पण त्वचेचं तेल धाग्यावर राहतं आणि त्यावर जिवाणू वाढतात. सॉफ्टनर त्यावर आणखी एक थर चढवतो. मायक्रोफायबरची फडकीही त्याने पाणी टिपेनाशी होतात. त्याऐवजी कपडा उलटा करून डिटर्जंटच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. कॉलरवर किंवा तेलाच्या डागावर भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब चोळा, 10-15 मिनिटांनी धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय ड्रायरमध्ये टाकू नका, उष्णतेने तो पक्का होतो.

क्लोरीनचं ब्लीच नायलॉनला पिवळं करतं आणि स्पॅन्डेक्सचा, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या धाग्याचा, ताण घालवतं. पांढरं नायलॉन रंगीत कपड्यांत टाकलं की सुटलेला रंग पटकन ओढून घेतं, ते वेगळंच धुवा.

रेयॉन दिसायला सिंथेटिक, पण बनतं लाकडाच्या लगद्यापासून. ओलं असताना त्याची ताकद बरीच घटते. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा.

गोळे हाताने उपटणं

घासून तंतूंचे बारीक गोळे बऱ्याच कापडांवर येतात, पण पॉलिएस्टरचा धागा मजबूत असल्यामुळे ते झडत नाहीत, लोंबत राहतात. ओढल्यावर सोबत आणखी तंतू बाहेर येतात आणि नवे गोळे तयार होतात. कपडा सपाट पसरून गोळे कापायच्या मशीनने काढा, धुताना उलटा करा.

ज्योतीजवळ ढगळ सिंथेटिक

पॉलिएस्टर आणि नायलॉन जळताना वितळतात आणि कातडीला चिकटतात. स्वयंपाक करताना घट्ट बाह्यांचे सुती कपडे बरे. वितळलेलं कापड चिकटलं असेल तर ओढून काढू नका. त्यावर 20 मिनिटं गार वाहतं पाणी सोडा आणि डॉक्टर गाठा.

कुठलीही दोरी कशालाही

नायलॉनची दोरी ताणते. झटका सोसायला तो गुणच आहे, पण ती ओली झाली की काहीशी कमजोर होते आणि कपड्यांच्या वजनाने झोळ येतो. वाळणीला पॉलिएस्टरची लावा. पॉलिप्रॉपिलीनची दोरी पाण्यावर तरंगते, पण उन्हात तिचे तंतू ठिसूळ होऊन भुगा पडू लागतो. तसं दिसलं की भार टाकू नका. या दोऱ्या गुळगुळीत असतात, गाठीबाहेर चांगलं लांब टोक सोडा. टोक डागून बंद करताना वितळलेला भाग बोटाने दाबू नका, चमच्याच्या मागच्या बाजूने दाबा.