भास-भ्रम अनुभवणाऱ्या माणसाचे ऐकताना

गोव्यात फोंड्याकडच्या एखाद्या घरात तरुण मुलगा सांगू लागतो की शेजाऱ्यांना आपले विचार ऐकू जातात, तेव्हा आई 'तसे काही नाही रे' म्हणून समजूत घालते आणि काका देवळात कौल घ्यायला निघतात. दोघांच्या मायेविषयी शंका नाही; मात्र हे सारे त्याला कसे अनुभवाला येते, हे कोणीच विचारलेले नसते.

विचारण्यापूर्वी खरे-खोटे ठरवण्याची घाई बाजूला ठेवावी. अनुभव जसा येतो तसा पाहण्यासाठी निवाडा स्थगित ठेवण्याची ही शिस्त तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल यांची. मनोविकारशास्त्रात रुग्णाच्या स्वानुभवाच्या वर्णनाला मध्यवर्ती स्थान दिले ते मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी, १९१३च्या ग्रंथात. 'तुला असे का वाटते?' हा प्रश्न उलटतपासणीसारखा लागतो. त्याऐवजी, आवाज ऐकू येत असेल तर तो डोक्यात येतो की बाहेरून, ओळखीचा आहे का, तो बोलतो तेव्हा अंगात काय होते, कशाने कमी होतो, असे विचारावे. भ्रम पक्का होण्याआधी पुष्कळदा नेहमीचा रस्ताही बदललेला, काहीतरी सुचवणारा भासतो. त्या काळाबद्दल सावकाश विचारल्यास बरेच उलगडते.

शब्द त्याचेच ठेवावेत. तो 'राखणदार बोलतो' म्हणाला, तर लगेच वैद्यकीय नाव देऊ नये. (राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या दैवताला, नारळ ठेवणे ही गावाची श्रद्धा असते, भ्रम नव्हे, तो आपल्यालाच हुकूम देतो आहे हा अनुभव मात्र त्या एकट्याचा.) तरीही होकार भरू नये. 'मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तू घाबरलेला दिसतोस' हे प्रामाणिक वाक्य पुरते.

काही भ्रम सहानुभूतीने समजून घेता येतच नाहीत, असे यास्पर्स मानत. पुढील अभ्यासकांनी ही मर्यादा वादग्रस्त ठरवली. माझ्या मते 'मला कळले' असे उतावीळपणे म्हणण्यापासून ती आपल्याला वाचवते, पण विचारणे थांबवायला ती सबब होऊ नये.

आवाज इजा करण्यास सांगत असतील किंवा झोप व जेवण तुटले असेल, तर वाट पाहू नये. बांबोळीला मनोरुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालतो. डॉक्टरांना आपला निष्कर्ष सांगण्याऐवजी, त्याच्या संमतीने आणि त्याच्यासमोर, त्याचेच शब्द जसेच्या तसे सांगावेत.