हळवं (लवकर पिकणारं) भात कापण्याआधी हवामानाचा अंदाज असा वाचा

सप्टेंबरअखेर कोकणात सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी तीननंतर गडगडाट, असंच बहुतेकदा चालतं. ढग सह्याद्रीकडून उतरतात, म्हणून समुद्राकडचं आकाश पाहून कापणी ठरवू नका. हवामान खात्याच्या जिल्हावार अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस; तेवढ्यावर कापणी अडवायची गरज नाही. ‘मेघगर्जनेसह’ सलग दोन दिवस असेल तर मात्र थांबा. लोंबीतले ८० ते ९० टक्के दाणे पिकलेत, थांबणं परवडत नाही? मग दव सुकल्यावर त्या दिवशी झोडता येईल तेवढंच कापा, भारे दुपारआधी खळ्यावर ताडपत्रीखाली आणा. कापलेलं भात शेतात भिजत राहिलं की दाण्यांना मोड येतात, पेंढाही काळा पडतो.